तीन पिशव्यांतला एकच आजार

गेल्या जानेवारीत करवीर तालुक्यातल्या एका गावात बचत गटाच्या हळदीकुंकवाला गेले होते. आशाताईंचा आग्रह होता, "बायका जमणारच हायत, तुम्ही लॅबमधल्या, रक्त-लघवीच्या तपासणीचं चार शब्द सांगा." हिमोग्लोबिन, साखर, थायरॉइड असं नेहमीचं बोलून झालं. वाण लुटून झालं, बायका उठायला लागल्या. तेव्हा एक काकी माझ्याजवळ येऊन बसल्या. बरोबर सून होती, वय सव्वीस. काकींच्या हातात तीन कॅरीबॅग.

पहिल्या पिशवीत त्वचेच्या दवाखान्याचे कागद. गालावरच्या वांगासाठी दोन वर्षांत पाच मलमं झाली होती. दुसरीत हाडांच्या दवाखान्याचे. बोटं सुजतात, सकाळी मूठ वळत नाही, एक्स-रेत काही नाही. तिसरीत दोन वेळा पोट पडल्याचे कागद, सोनोग्राफीच्या फिल्मसकट. "ताई, हिचं एक बरं झालं की दुसरं निघतंय. दृष्ट काढली, देवऋषी बघितला. आता काय करायचं ऱ्हायलंय सांगा."

मी ते सगळे कागद सतरंजीवर तारखेप्रमाणे मांडले. तीन पिशव्यांतली तीन वर्षं एकमेकींत मिसळली. गाल लाल झाले त्याच महिन्यात बोटं सुजली होती आणि पुढच्या महिन्यात ताप होता. तिसऱ्या पिशवीच्या तळाशी गरोदरपणातला लघवीचा एक रिपोर्ट निघाला. तिसऱ्या महिन्यातला. त्यावर अल्ब्युमिनपुढे, म्हणजे लघवीत उतरलेल्या प्रथिनापुढे, अधिकची दोन चिन्हं होती आणि त्यावर कुणाचंच बोट गेलेलं नव्हतं.

मी डॉक्टर नाही. निदान करणं माझं काम नाही. मी एका कोऱ्या कागदावर सगळं ओळीनं लिहून दिलं आणि सांगितलं, आता कुठल्याही एका अवयवाच्या डॉक्टरकडे जाऊ नका, मेडिसिनच्या डॉक्टरांकडे जा, आधी हा कागद दाखवा आणि मग बोला. पुढच्या तपासण्यांत ल्युपस निघाला.

ल्युपसची माहिती लोकांपर्यंत पोचवायची म्हणजे काय, हे मला त्या सतरंजीवर कळलं. या आजाराची एकेक तक्रार अगदी साधी, घराघरांत असणारी असते. त्या तक्रारी वेगवेगळ्या पिशव्यांत राहतात तोवर तो कुणालाच दिसत नाही. एका कागदावर आल्या की दिसतो.

ल्युपस हा लॅटिन शब्द, अर्थ लांडगा. चेहऱ्यावरचे व्रण लांडग्यानं चावा घेतल्यासारखे दिसतात म्हणून जुन्या युरोपातल्या वैद्यांनी हे नाव दिलं. त्वचेच्या क्षयालाही तेव्हा असंच नाव पडलं, ल्युपस व्हल्गारिस. तो वेगळाच आजार. डेन्मार्कमध्ये काम करणाऱ्या नील्स फिन्सेन यांना १९०३ साली नोबेल मिळालं ते त्या क्षयावर प्रकाशाचा उपचार शोधल्याबद्दल. आपण ज्या ल्युपसबद्दल बोलतोय त्याला ऊन बिलकूल चालत नाही. मोबाइलवर नाव शोधताना ही गल्लत होऊ शकते, म्हणून आधीच सांगितलं. आपल्या आजाराचं पूर्ण नाव सिस्टेमिक ल्युपस एरिथेमॅटोसस. डॉक्टर कागदावर एसएलई लिहितात.

शरीरात नेमकं काय बिघडतं, ते कोल्हापूरकरांना समजावणं अवघड नाही. ऑगस्ट २०१९ चा महापूर आठवा. पाणी ओसरलं आणि शाहूपुरीच्या कुंभार गल्लीसारख्या ठिकाणी घराघरांतून गाद्या, धान्य, कपाटं रस्त्यावर येऊन पडली. तो कचरा ज्या गल्लीत वेळेवर उचलला तिथलं जगणं लवकर मार्गी लागलं. जिथं पडून राहिला, तिथं वास, माश्या आणि रोगराईची भीती.

आपल्या शरीरात रोज अब्जावधी पेशी मरतात. हे चांगल्या तब्येतीचंच लक्षण आहे, जुनं जातं आणि नवं येतं. मेलेल्या पेशी उचलून नेणाऱ्या पांढऱ्या पेशी घंटागाडीसारख्या फिरत असतात. ल्युपसमध्ये अनेकदा ही उचल कमी पडते. मेलेल्या पेशी फुटतात आणि त्यांच्या केंद्रकातला डीएनए उघड्यावर पडतो. एरवी डीएनए केंद्रकाच्या आत बंदिस्त असतो. तो असा उघडा दिसला की शरीराच्या पहारेकऱ्यांना विषाणू शिरल्यासारखं वाटतं. ते प्रतिपिंडं तयार करतात, म्हणजे शत्रूला धरून ठेवणारी प्रथिनं. पण समोरचा माल आपलाच असतो. मग आपलीच प्रतिपिंडं आणि आपलाच डीएनए यांचे गठ्ठे रक्तातून फिरत राहतात आणि जिथं जाळी बारीक तिथं अडकतात. त्वचेत, सांध्यांत, फुप्फुसाच्या अस्तरात आणि सगळ्यात घातक म्हणजे मूत्रपिंडाच्या गाळणीत. अडकले की तिथं दाह सुरू होतो. या लढाईत रक्तातली सी३ आणि सी४ नावाची प्रथिनं खर्ची पडतात, म्हणून आजार चढला की रिपोर्टमध्ये ती कमी दिसतात.

हे एकदा ध्यानात आलं की उन्हाचं कोडं सुटतं. उन्हातल्या अतिनील किरणांनी त्वचेच्या पेशी मरतात. निरोगी माणसात तो कचरा सहज उचलला जातो. ल्युपस असलेल्या बाईत त्याचा ढीग होतो. म्हणून दिवसभर ऊस भांगलून आलेल्या बाईला कधी दोन दिवसांनी, कधी आठवड्यानं ताप येतो, सांधे धरतात. मध्ये इतके दिवस गेलेले असतात की उन्हाची आठवण कुणाला राहत नाही.

आणखी एक समज आधी काढून टाकायला हवा. "प्रतिकारशक्ती कमी झालीय" म्हणून घरचे काढे सुरू करतात. ल्युपसमध्ये प्रतिकारशक्ती घरच्याच माणसांवर चालून गेलेली असते, तिला आणखी चेतवून काय साधणार? गुळवेलीचा काढा निरुपद्रवी समजला जातो, पण करोनाच्या काळात तो घेणाऱ्या काही रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याच्या नोंदी मुंबईच्या डॉक्टरांनी प्रसिद्ध केल्या आहेत आणि ती इजा प्रतिकारशक्ती स्वतःवर उलटल्यासारखीच होती. बाजारात अल्फाल्फाच्या गोळ्या आणि पावडरीही मिळतात. अल्फाल्फा म्हणजे आपण जनावरांना घालतो तो लसूणघास. त्यातल्या एका घटकानं ल्युपस भडकतो, म्हणून तो टाळायला सांगतात. तांबड्या-पांढऱ्या रश्श्यावर मात्र ल्युपसपायी बंदी नाही. मूत्रपिंडाचा त्रास किंवा रक्तदाब असेल तर मीठ किती घ्यायचं हे डॉक्टर सांगतील.

हा आजार दहात नऊ वेळा बायकांना होतो आणि बहुतेक वेळा पंधरा ते पंचेचाळीस या वयात. इस्ट्रोजेन या बायकांच्या संप्रेरकाचा संबंध आहे. बायकांच्या पेशींत एक्स गुणसूत्रं दोन असतात, त्याचाही आहे. दुसरं एक्स शांत ठेवणारा झिस्ट नावाचा रेणू या आजारांना हातभार लावतो, असं स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०२४ मध्ये दाखवलं. पुरुषांना आणि लहान मुलांनाही ल्युपस होतो. तो एकाचा दुसऱ्याला लागत नाही. एका ताटात जेवल्यानं नाही, एका अंथरुणात झोपल्यानं नाही, बाळाला पाजल्यानंही नाही. हे मी मुद्दाम तीनदा सांगते, कारण ल्युपस निघाल्यावर सुनेची भांडी वेगळी केलेलं घर मी पाहिलं आहे.

आता तक्रारी. पुस्तकी यादी वाचून कुणी स्वतःला ओळखत नाही, म्हणून आपल्या बोलण्यातल्याच सांगते.

"वांग आलंय." वांग तपकिरी आणि सपाट असतं. ल्युपसचा चट्टा लालसर असतो, दोन्ही गालांवरून नाकाच्या दांड्यावर फुलपाखरासारखा पसरतो, उन्हात गेलं की पेटतो आणि नाकपुड्यांपासून ओठांकडे उतरणाऱ्या घडीत सहसा नसतो. प्रत्येकीला तो येतोच असंही नाही.

"वात भरलाय." सकाळी उठल्यावर बोटं आखडलेली, भाकरी थापायला हात चालत नाही, दुपारपर्यंत जरा सैल होतात. "थंड पाण्यात भांडी घासली की बोटं पांढरीफटक पडतात, मग निळी." "तोंड आलंय," पण व्रण टाळूला आणि दुखत नाही, म्हणून आरशात बघितल्याशिवाय कळतही नाही. कंगव्यात केसांचे पुंजके. दीर्घ श्वास घेतला की छातीत कळ. कारण न सापडणारा ताप. तो आधी टायफॉइड, मग डेंग्यू, मग क्षय म्हणून तपासला जातो आणि ते तपासणं बरोबरच आहे, कारण आपल्याकडे तेच जास्त आढळतात. चूक तेव्हा होते, जेव्हा सगळं नकारार्थी येऊनही ताप परत येतो आणि कुणी पुढे विचारत नाही.

आणि थकवा. याच्यावर मला जरा थांबायचं आहे. हा दिवसभर राबल्याचा थकवा नव्हे. रात्रभर झोपूनही सकाळी अंग उचलत नाही. ती सव्वीस वर्षांची मुलगी मला म्हणाली, "कळशी भरली, पण उचलायच्या आधीच भिंतीला टेकून बसले. सासूबाई बघत होत्या. मला लाजच वाटली." वरून ती धडधाकट दिसत होती, अगदी गाल लाल म्हणून उलट तेजस्वीच. आजारी न दिसणाऱ्या बाईच्या आजारावर घर विश्वास ठेवत नाही. आळशी, कामचुकार, माहेरी लाडावलेली असे शिक्के बसतात. म्हणून जागृतीच्या कार्यक्रमाला सुनेइतकीच सासूची गरज आहे, असं माझं ठाम मत आहे. त्या काकी तिन्ही पिशव्या स्वतः सांभाळून घेऊन आल्या होत्या. त्यांना फक्त कुणीतरी समजावून सांगायला हवं होतं.

मूत्रपिंडाचं मात्र दुखतच नाही. ल्युपसच्या साधारण निम्म्या रुग्णांत कधी ना कधी मूत्रपिंडाला झळ पोचते आणि सुरुवातीला पत्ता लागत नाही. खूण एकच, लघवीला फेस येतो आणि तो लवकर विरत नाही. पुढे पावलांवर, डोळ्यांखाली सूज. मी लॅबमध्ये नवीन होते तेव्हा पट्ट्या कमी असायच्या, आम्ही लघवी काचेच्या नळीत घेऊन वरचा भाग ज्योतीवर तापवायचो. प्रथिनं जात असतील तर तो भाग अंड्याच्या पांढऱ्यासारखा गढूळ व्हायचा. खालचं पाणी स्वच्छ, वर ढग. रक्तात राहायला हवं ते गाळणी फाटल्यामुळे लघवीत उतरलंय, हे डोळ्यांनी दिसायचं. आता पट्टीचा रंग पिवळ्याचा हिरवा होतो. काम मिनिटाचं आणि खर्च अगदी किरकोळ. सांधेदुखी आणि चट्टे असलेल्या प्रत्येक मुलीची ही तपासणी व्हायलाच हवी.

ल्युपससाठी नेहमी सांगितली जाणारी तपासणी म्हणजे एएनए, पेशीच्या केंद्रकाविरुद्धची प्रतिपिंडं शोधणारी. सूक्ष्मदर्शकाखाली ती सुंदर दिसते, काळ्या पार्श्वभूमीवर हिरवी चमकणारी केंद्रकं. ल्युपस असलेल्या जवळजवळ सगळ्यांची ती पॉझिटिव्ह येते. पण उलटं खरं नाही. रक्त ८० पट पातळ करून तपासलं तर शंभर निरोगी माणसांतल्या सुमारे तेरा जणांची, १६० पट पातळ केलं तरी पाच जणांची एएनए पॉझिटिव्ह येते. काही त्रास नसताना पॅकेजमध्ये ही तपासणी करून घेऊन रडत आलेल्या मुली मी पाहिल्यात. त्यांना ल्युपस नव्हता. आधी तक्रारी, मग लघवी आणि साधं रक्त, त्यानंतर डॉक्टरांना गरज वाटली तर एएनए, आणि ती पॉझिटिव्ह आली तर डीएसडीएनए (डीएनएविरुद्धची प्रतिपिंडं) आणि सी३, सी४, हा क्रम पाळला तर पैसेही वाचतात आणि झोपही.

जगात या जागृतीला रीतसर सुरुवात झाली त्याला फार वर्षं झालेली नाहीत. २००४ पासून १० मे हा जागतिक ल्युपस दिन पाळतात, जांभळा रंग त्याची खूण. अमेरिकेच्या आरोग्य खात्यानं २००९ मध्ये "मला ल्युपस असेल का?" असा प्रश्न घेऊन तरुण बायकांसाठी मोहीम काढली. मला तो प्रश्न आवडतो, कारण तो भीती घालत नाही, विचार करायला लावतो. गायिका सेलेना गोमेझ हिनं २०१५ मध्ये आपला ल्युपस जाहीर केला आणि २०१७ मध्ये मूत्रपिंड बदलल्याचं सांगितलं. त्यामुळे आपल्याकडच्या कॉलेजातल्या मुलींनाही नाव ऐकून माहीत असतं. आईला आणि आजीला माहीत नसतं.

आपल्या महाराष्ट्रातलं एक उदाहरण मला याहून जवळचं वाटतं. पुणे जिल्ह्यातल्या भिगवणमध्ये १९९६ साली डॉ. अरविंद चोप्रा यांच्या पुढाकारानं घरोघर जाऊन सांधेदुखीची पाहणी सुरू झाली. जागतिक आरोग्य संघटनेच्या साथीनं आखलेल्या कॉपकॉर्ड या कार्यक्रमाचा तो भाग. गावातल्याच प्रशिक्षित स्वयंसेवकांनी दार वाजवलं आणि विचारलं, कुठं दुखतं? गावात सांधे-स्नायूंचं दुखणं इतकं पसरलेलं आहे, हे त्या साध्या प्रश्नातून कागदावर आलं. विचारणारं माणूस गावातलं असलं की बाई खरं सांगते.

विचारलंच नाही तर काय होतं, ते आकड्यांतून दिसतं. भारतात घरोघर जाऊन केलेली ल्युपसची जुनी पाहणी दिल्लीजवळच्या खेड्यांतली, १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेली. तिच्यात लाखामागे साधारण ३.२ रुग्ण निघाले. जगभरच्या अभ्यासांचा अलीकडचा एकत्रित अंदाज लाखामागे सुमारे ४४ आहे. २०११ च्या जनगणनेत कोल्हापूर जिल्ह्याची लोकसंख्या ३८ लाख ७६ हजार होती. पहिल्या हिशेबानं जिल्ह्यात सव्वाशे रुग्ण निघतात, दुसऱ्यानं सतराशे. वंश आणि प्रदेशाप्रमाणे फरक पडतो हे खरं, पण या दोन आकड्यांच्या मधे कितीतरी बायका आपापल्या पिशव्या घेऊन फिरत असणार, असं मला वाटतं.

आपल्याकडे यासाठी नवीन यंत्रणा उभी करायची गरज नाही. आहे तिच्यातली फट बुजवायला हवी. आशाताई घरोघर जाऊन रक्तदाब, मधुमेह आणि कर्करोगाच्या शंकेसाठी जो तपासणी-तक्ता भरतात तो तीस वर्षांवरच्यांसाठी असतो. ल्युपस बहुतेकींना त्याच्या आधीच गाठतो. शाळांतून मुलांची तपासणी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अठरा वर्षांपर्यंत होते. अठरा ते तीस या वयातली मुलगी मधेच सुटते. या वयात तिची लघवी हमखास तपासली जाते ती गरोदरपणात. तिथं एक गोष्ट उपकेंद्रातल्या प्रत्येक नर्सला, म्हणजे एएनएम ताईला, आणि आशाताईला माहीत असायला हवी. लघवीत प्रथिनं पाचव्या महिन्यानंतर आली तर गरोदरपणातल्या रक्तदाबाचा विचार होतो, ते योग्यच. पण ती पहिल्या तीन-चार महिन्यांतच आली तर आधी लघवीचा जंतुसंसर्ग बघावा, तो नसेल तर मूत्रपिंडाचा जुना आजार शोधावा. सव्वीस वर्षांच्या त्या मुलीचा रिपोर्ट हेच सांगत होता.

आणि एक विनंती. १० मे ला ल्युपस दिनाची प्रभातफेरी काढून ती अकरा वाजेपर्यंत लांबवू नका. ज्यांच्यासाठी ती काढायची, त्यांनाच ते ऊन बाधतं. रंकाळ्यावर संध्याकाळी सहानंतर जमा.

उपचारांबद्दल थोडक्यात. ल्युपस मुळासकट जात नाही, पण काबूत राहतो. १९५० च्या दशकात निदानानंतर पाच वर्षं जगणारे निम्म्याच्या आसपास असत. आज चांगले उपचार मिळतात तिथं दहा वर्षांनंतरही नव्वद टक्क्यांहून जास्त रुग्ण हयात असतात. पायाचं औषध हायड्रॉक्सिक्लोरोक्विन. करोनाच्या सुरुवातीला २०२० मध्ये याच गोळीमागे जग लागलं, भारतानं तिची निर्यातही काही काळ थांबवली आणि रोज ती घेणाऱ्या रुग्णांना दुकानादुकानांत फिरावं लागलं. ही गोळी वर्षानुवर्षं घ्यायची असते. डोस वजनावर ठरतो आणि डोळ्यांची तपासणी सुरुवातीला एकदा, पुढे डॉक्टर सांगतील तेव्हा आणि पाच वर्षांनंतर दरवर्षी करायची असते. आजार चढला की स्टेरॉइड देतात. त्यानं चेहरा सुजतो, साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात, म्हणून डॉक्टर तो कमी करत आणतात. चेहरा बिघडला म्हणून स्वतःच्या मनानं एकदम बंद करणं मात्र जिवावर बेतू शकतं, कारण तोवर शरीरानं आपलं स्टेरॉइड बनवणं कमी केलेलं असतं. मूत्रपिंडासाठी याहून जोरदार औषधं लागतात. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना मुख्यतः रुग्णालयात दाखल होऊन घ्यायच्या उपचारांसाठी आहे, तेव्हा दाखल व्हायची वेळ आली तर आरोग्यमित्राला आधी भेटावं.

उन्हाचं काय करायचं, ते कोल्हापूरच्या मुलींना शिकवायला नको. गाडीवर बसताना स्कार्फ आणि सनकोट त्या घालतातच. रानात जाणाऱ्या बाईसाठी पूर्ण बाह्यांचा शर्ट, डोक्यावर टॉवेल, दहा ते चारच्या मधलं काम जमेल तितकं टाळणं आणि ज्यांना परवडेल त्यांनी सनस्क्रीन.

घरात सगळ्यात मोठा प्रश्न असतो मुलाचा. ल्युपस असलेल्या बाईला मूल होऊ शकतं. आजार निदान सहा महिने शांत असावा आणि गर्भ राहायच्या आधी डॉक्टरांशी बोलणं व्हावं, कारण मायकोफेनोलेट, सायक्लोफॉस्फमाइड ही औषधं बाळाला घातक असतात आणि आधीच बदलावी लागतात. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन सहसा चालू ठेवतात. पुन्हा पुन्हा पोट पडत असेल तर अँटिफॉस्फोलिपिड प्रतिपिंडं तपासतात. ती असली की रक्ताच्या बारीक गुठळ्या होऊन वारेला धक्का पोचतो. कमी डोसची अ‍ॅस्पिरिन आणि गुठळ्या होऊ न देणारी हेपॅरिनची इंजेक्शनं यांनी गर्भ टिकण्याची शक्यता पुष्कळ वाढते. यातल्या एका तपासणीचं नाव ल्युपस अँटिकोअ‍ॅग्युलंट आहे. ती पॉझिटिव्ह म्हणजे ल्युपसच, असं मात्र नाही. आईच्या रक्तात अँटि-रो नावाचं प्रतिपिंड असेल तर बाळाच्या हृदयाचे ठोके पोटात असतानाच सोनोग्राफीत तपासत राहावे लागतात.

त्या मुलीच्या लघवीतली प्रथिनं औषधांनी उतरली. दर महिन्याला काकी तिला घेऊन येतात. आता पिशवी एकच, तिच्यात शाळकरी वही. पानावर चार रकाने आखलेत: तारीख, काय होतंय, लघवी, गोळ्या. दुसरा रकाना काकी स्वतः भरतात. "आज कळशी उचलली," असं एका ओळीत लिहिलं होतं.

आशाताईंनी त्या रकान्यांची झेरॉक्स काढून गटात वाटली. मार्चमध्ये त्या एकोणीस वर्षांच्या एका मुलीला घेऊन आल्या, वहीच्या पानावर लिहिलं होतं, थकवा, केस गळतात, धाप लागते. लघवी स्वच्छ निघाली. चट्टे नव्हते, सांधेदुखी नव्हती. तिला ल्युपस नव्हता. हिमोग्लोबिन ६.८ होतं आणि कुणी ते वर्षभरात तपासलं नव्हतं. त्याच दिवशी तिला सीपीआरला, कोल्हापूरच्या सरकारी रुग्णालयात, पाठवलं.